सोनं मिळो न मिळो, फी भरा!

मेलबर्नपासून जेमतेम दीड तासावर बॅलरॅट आहे. बहुतेक जण तिथे सोनं बघायला जातात. मला मात्र तिथे सगळ्यात इंटरेस्टिंग वाटली ती एक सरकारी पावती!

समजा, उद्यापासून सरकारने नियम काढला. नोकरी शोधायची असेल, तर दर महिन्याला आधी फी भरा. नोकरी लागली नाही? तरी भरा. इंटरव्ह्यूला जाताना फीची पावती दुसऱ्या पँटच्या खिशात राहिली? मग दंड. दंडाचे पैसे नाहीत? मग पोलीस चौकीबाहेरच्या झाडाला साखळीने बांधून ठेवणार!

हसू येतंय ना? ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया नावाच्या ब्रिटिश वसाहतीत १८५१ ते १८५५ या काळात साधारण हेच चालू होतं. फक्त नोकरीच्या जागी सोनं होतं. आणि या फीपायी शेवटी चक्क गोळीबार झाला.

सोन्याची खाण म्हटलं की आपल्या पिढीला ‘केजीएफ’ आठवतो आणि यशची दाढी. मलाही तेच आठवलं होतं. मेलबर्नमध्ये माझा मावसभाऊ राहतो. आयटीवाला, दुसरं काय! त्याच्याकडे तीन आठवडे मुक्काम ठोकला होता. ग्रेट ओशन रोड झाला, फिलिप आयलंडचे पेंग्विन झाले, एमसीजीसमोर फोटो काढून झाला. मग एका शुक्रवारी रात्री दादा म्हणाला, “उद्या बॅलरॅटला जाऊ. तिथे ओढ्यात सोनं मिळतं.”

“मग माझ्या बांगड्यांपुरतं तरी आण,” वहिनी स्वयंपाकघरातूनच म्हणाली. “आणि स्वेटर घाला दोघं. तिथे मरणाची थंडी असते.”

ट्रेन सदर्न क्रॉस स्टेशनातून सुटते. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. व्ही-लाइनची स्वच्छ गाडी, खिडकीची जागा, हातात कॉफी. सनशाइन, डीअर पार्क, मेल्टन असं करत शहर विरळ होत जातं. बॅकस मार्श मागे पडलं की गाडी डोंगर चढायला लागते आणि खिडकीच्या काचेवर धुकं जमतं. जुलै महिना, म्हणजे तिकडचा ऐन हिवाळा. बॅलरॅटला उतरलो तेव्हा तोंडातून वाफा निघत होत्या. वहिनी किती बरोबर होती ते कळलं.

रिलीव्हिंग लेटर आहे का?

स्टेशनमधून बाहेर पडलं की लिडियार्ड स्ट्रीट लागतो. दोन्ही बाजूंना दगडी इमारती, लोखंडी नक्षीच्या गॅलऱ्या, जुनी थिएटर्स, बँका. आपल्या फोर्टमधला एखादा रस्ता उचलून थंड हवेत नेऊन ठेवावा तसं वाटतं. हा सगळा थाट सोन्याच्या पैशाचा. १८५१ मध्ये व्हिक्टोरियाची लोकसंख्या होती सुमारे ७७ हजार. दहा वर्षांनी ती पाच लाखांच्या वर गेली. आपल्याकडे एखाद्या गावात आयटी पार्क आल्यावर जे होतं, तेच, फक्त शंभरपट वेगाने!

आता जरा फ्लॅशबॅक. १८५१ च्या सुरुवातीला शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये, बाथर्स्टजवळ ओफिर इथे सोनं सापडलं. मे महिन्यात तिथल्या गव्हर्नरने जाहीर केलं की जमिनीतलं सगळं सोनं राणीचं. हा काही त्याने नव्याने लावलेला शोध नव्हता. इंग्लंडच्या कायद्यात सोळाव्या शतकापासून हेच होतं. जमीन कोणाचीही असो, सोन्याचांदीच्या खाणी राजाच्या. त्यामुळे खणायचं असेल तर सरकारची परवानगी हवी, आणि परवानगी हवी तर पैसे हवेत.

१ जुलै १८५१ ला व्हिक्टोरिया ही वेगळी वसाहत झाली आणि काही आठवड्यांतच तिथेही सोनं निघालं. आधी क्लून्सला, मग ऑगस्टमध्ये बॅलरॅटला. लेफ्टनंट गव्हर्नर होते चार्ल्स जोसेफ ला ट्रोब. त्यांनी शेजाऱ्यांचाच नियम उचलला. १ सप्टेंबरपासून खणणाऱ्या प्रत्येकाने महिन्याला ३० शिलिंग, म्हणजे दीड पौंड, भरायचे. त्या बदल्यात मिळणार एक कागद आणि खणायला जमिनीचा एक तुकडा. हा तुकडा, म्हणजे क्लेम, सुरुवातीला होता आठ फूट बाय आठ फूट. मुंबईतली वन रूम किचनमधली किचन डोळ्यांसमोर आणा, तेवढाच! पुढे तो बारा बाय बारा झाला.

ला ट्रोब यांची बाजूही ऐकायला हवी. सोन्याच्या बातमीने मेलबर्न रिकामं झालं होतं. कारकून, मेंढपाळ, पोलीस, सगळे फावडं घेऊन पळाले होते. बंदरातली जहाजं खलाशांविना अडकून पडली होती. सोनं वाहून आणायला पहारा हवा, वाटेत चोऱ्या होतात म्हणून पोलीस हवेत, रस्ते हवेत. हे सगळं कुठल्या पैशाने करायचं? म्हणून लायसन्स. त्यातून तिजोरी भरणार होती आणि जो उठतो तो खाणीकडे पळतो, त्यालाही थोडा ब्रेक लागणार होता.

या ब्रेकचा सगळ्यात भारी नमुना म्हणजे लायसन्सवर छापलेली अट. अर्ज करणाऱ्याने आधीच्या मालकाकडून कामावरून मोकळं केल्याचा दाखला आणायचा, नाहीतर आपण नोकरी अर्धवट टाकून पळालेलो नाही हे अधिकाऱ्याला पटवून द्यायचं.

“म्हणजे रिलीव्हिंग लेटर!” दादा जवळजवळ ओरडलाच. “नोटीस पिरियड पूर्ण केल्याशिवाय सोनं नाही!”

त्याच कागदावर रविवार नीट पाळण्याचीही ताकीद होती. सोनं असलं म्हणून काय झालं, सुट्टी म्हणजे सुट्टी. हा रविवारसुद्धा लक्षात ठेवा.

या सगळ्या कागदपत्रांत एका पार्टीला मात्र कोणी विचारलंच नाही. बॅलरॅट हे नावच मुळी इथल्या वाडावुरुंग लोकांच्या भाषेतलं आहे. त्याचा अर्थ ‘विश्रांतीची जागा’ असा सांगतात. त्यांच्या जमिनीखालचं सोनं राणीचं ठरलं, वरची जमीन आठ-आठ फुटांनी भाड्याने गेली. आणि सुरुवातीच्या दिवसांत लायसन्स तपासायला गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली जे पोलीस होते, त्यांत नेटिव्ह पोलीस दलातले आदिवासी शिपाईही होते.

दीडशे फूट खाली

सॉव्हरिन हिल हा बॅलरॅटचा हुकमी एक्का. १९७० मध्ये सुरू झालेलं हे ओपन एअर म्युझियम म्हणजे १८५० च्या दशकातलं अख्खं गावच आहे. मातीचा रस्ता, घोडागाड्या, लोहार, बेकरी, जुन्या पद्धतीने उकळून केलेल्या रासबेरीच्या गोळ्या. बोनेट घातलेल्या बायका आणि लाल कोटातले सैनिक रस्त्यावरून फिरत असतात. सैनिक मधूनच बंदुकीचा बार काढतात आणि सगळी शाळकरी पोरं किंचाळतात. फोटोसाठी तर एकदम झकास!

खालच्या अंगाला एक ओढा आहे. तिथे पसरट थाळी घेऊन बसायचं, गाळ भरायचा, पाण्यात गोल गोल फिरवायचा. हलकी माती वाहून जाते, जड सोनं तळाला राहतं. पर्यटकांसाठी या ओढ्यात खऱ्या सोन्याचे कण टाकलेले असतात. पाऊण तास बर्फासारख्या पाण्यात बोटं गारठवून मला टाचणीच्या डोक्यापेक्षाही लहान असे दोन कण मिळाले. दादाला एक. बांगड्यांचं स्वप्न ओढ्यातच बुडालं.

पण खरी गोष्ट ओढ्यात नाही, जमिनीखाली आहे. खाणीची टूर घ्याच. अंधारात खाली उतरल्यावर कळतं की बॅलरॅटचं सोनं वरवर होतं ते फक्त पहिले काही महिने. बाकीचं सोनं गाडल्या गेलेल्या प्राचीन नद्यांच्या तळाशी. वर चिकणमाती, वाळू, पाणी आणि कितीतरी ठिकाणी लाव्हाचा काळा दगड, म्हणजे आपल्या सह्याद्रीतला असतो तसा बेसॉल्ट. त्या नदीपर्यंत पोचायला शंभर, दीडशे फूट विहीर खणावी लागे. पाणी उपसत, ढासळू नये म्हणून बाजूंना फळ्या ठोकत. चार-सहा जण भागीदारीत खणायचे आणि तळ गाठायला महिनेच्या महिने जायचे. बेकरी हिलवर १८५८ मध्ये ‘वेलकम नगेट’ नावाचा सुमारे ६९ किलोचा सोन्याचा गोळा मिळाला, तो होता १८० फुटांवर!

आता या महिन्यांचा हिशोब मांडा. तळ गाठेपर्यंत कमाई शून्य, पण प्रत्येक भागीदाराची फी चालूच. एवढं करून तळाला नदी नाहीच मिळाली तर? ती चार फूट बाजूने गेली असेल तर? मग दुसऱ्या जागी पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा फी.

आपला टीडीएस कापला जातो तेव्हा आपण वैतागतो. पण तो पगार झाल्यावर कापतात हो! इथे कमाईवर टॅक्स नव्हताच. टॅक्स होता प्रयत्न करण्यावर. पहिल्याच दिवशी ज्याचं नशीब फळफळलं त्यालाही ३० शिलिंग आणि सहा महिने चिखल उपसणाऱ्यालाही ३० शिलिंग.

दुसरीकडे मेंढ्या पाळणारे बडे जमीनदार होते. चार हजार मेंढ्या चरतील एवढ्या रानासाठी ते सरकारला वर्षाला १० पौंड देत. आणि खाणीवरचा माणूस आठ-बारा फुटांच्या चौकोनासाठी वर्षाला १८ पौंड! वर कायदेमंडळात जमीनदारांचे लोक आणि यांना मतही नाही. संताप का होऊ नये?

मामा आले रे!

लायसन्स कायम अंगावर बाळगायचं. तंबूत ठेवलेलं चालणार नाही. आता कमरेएवढ्या पाण्यात दीडशे फूट खाली उभं राहून काम करणाऱ्याने कागद कुठे ठेवायचा? वर कोटाच्या खिशात ठेवला, तर तपासणीला हाक आली की दोरीला लटकून वर यायचं, दाखवायचा, पुन्हा खाली जायचं. खाली नेला तर भिजून लगदा.

कागद नसेल तर पहिल्या वेळी पाच पौंडांपर्यंत दंड. दंडातला हिस्सा पकडणाऱ्याला मिळायचा, त्यामुळे पोलीस किती उत्साहाने पकडत असतील ते सांगायला नको. तुरुंगाच्या खोल्या अपुऱ्या, म्हणून लोकांना झाडाला नाहीतर ओंडक्याला साखळीने बांधून ठेवत. या धाडींना लोक ‘डिगर हंट’ म्हणायचे. सरळ शिकारच!

लोकांनीही उपाय काढला. पोलीस दिसले रे दिसले की कोणीतरी ओरडायचं, “जो! जो!” ला ट्रोब यांच्या नावातला जोसेफ, त्याचा झाला जो. मग ती हाक तंबूतंबूतून पुढे जायची आणि विनालायसन्सवाले बिळात गायब. पुण्यात सिग्नलच्या आधी समोरून येणारा बाइकवाला हेडलाइट मारून ‘पुढे मामा आहेत’ असं सुचवतो, त्याचेच हे पूर्वज.

सरकारचा कॅम्प होता टेकाडावर आणि खाणी खालच्या सपाटीवर. आज तिथे कॅम्प स्ट्रीट नावाचा शांत रस्ता आहे. तिथे उभं राहून पूर्वेकडे पाहिलं की उतार जाणवतो. वरून सगळं दिसायचं आणि खालच्यांनाही कोण बघतंय ते कळायचं.

सह्या, मग निशाण

लोक लगेच हातघाईवर आले असं मात्र झालं नाही. डिसेंबर १८५१ मध्ये फी दुप्पट करायची घोषणा झाली, तेव्हा फॉरेस्ट क्रीकला हजारो लोकांची सभा झाली आणि सरकारने माघार घेतली. १८५३ मध्ये बेंडिगोच्या खाणकामगारांनी अर्ज केला. त्यावरच्या पाच हजारांहून जास्त सह्या आजही शिल्लक आहेत. हा अर्ज १३ मीटर लांब आहे आणि मेलबर्नच्या स्टेट लायब्ररीने जपून ठेवलाय. त्याच वर्षी बेंडिगोत लोक टोपीला लाल फीत लावून फिरायला लागले. फीत म्हणजे ‘आम्ही पूर्ण फी भरणार नाही’. शेवटी वर्षाअखेरीस फी उतरली. महिन्याचा एक पौंड, तीन महिन्यांचे दोन, वर्षाचे आठ. चक्क डिस्काउंट प्लॅन!

पण कागद, धाडी आणि साखळ्या तशाच राहिल्या. जून १८५४ मध्ये नवे गव्हर्नर सर चार्ल्स हॉथम आले. तिजोरीत खड्डा होता. त्यांनी हुकूम काढला, लायसन्सची तपासणी आठवड्यातून दोनदा करा.

मग सगळं पटापट घडलं. ७ ऑक्टोबरला युरेका हॉटेलजवळ जेम्स स्कोबी या खाणकामगाराचा खून झाला. हॉटेलमालक बेंटलीला स्थानिक कोर्टाने सोडून दिलं, आणि न्यायाधीशाशी त्याचे लागेबांधे आहेत अशी बोंब उठली. जमावाने हॉटेल जाळलं. ११ नोव्हेंबरला बेकरी हिलवर बॅलरॅट रिफॉर्म लीगची सनद मंजूर झाली. लायसन्स रद्द करा, कमिशनर हटवा, आणि प्रत्येक पुरुषाला मत द्या. ज्याचं मत विचारलं नाही त्याच्याकडून कर घेणं ही जुलूमशाही आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. २९ नोव्हेंबरला निळं निशाण चढलं आणि लायसन्सची होळी झाली. दुसऱ्याच दिवशी कमिशनर रॉबर्ट रीड यांनी पुन्हा धाड घातली. ती शेवटची ठरली.

पीटर लॅलॉर नावाचा आयरिश तरुण पुढे आला. लोकांनी त्याच्यामागे शपथ घेतली आणि लाकडं, गाड्या रचून कुंपण उभं केलं. शनिवारी रात्री बरेच जण घरी गेले. रविवार, सरकार कशाला येतंय? ३ डिसेंबर १८५४ च्या पहाटे पावणेतीनशेच्या आसपास सैनिक आणि पोलीस चालून आले. लायसन्सवर रविवार पाळा म्हणून छापणाऱ्या सरकारने रविवारच निवडला! कुंपणात तेव्हा दीडशेच्या आसपास माणसं होती. चकमक पाव तासात आटोपली. किमान २२ खाणकामगार मेले, लष्कराचेही काही सैनिक गेले. लॅलॉरचा डावा हात कायमचा गेला.

त्या जागेजवळ आज युरेका सेंटर आहे. आत मंद उजेडाच्या खोलीत ते मूळ निशाण ठेवलंय. निळ्या कापडावर पांढरा क्रॉस आणि पाच तारे. हाच तो सदर्न क्रॉस, दक्षिण गोलार्धातला तारकासमूह. जॉन किंग नावाच्या पोलिसाने ते खाली ओढलं आणि त्याच्या घराण्याने चाळीस वर्षं सांभाळून १८९५ मध्ये बॅलरॅटच्या आर्ट गॅलरीकडे दिलं. आठवण म्हणून लोकांनी तुकडे कापून नेल्यामुळे कडा गायब आहेत. खोलीत कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. मीही मोबाइल पर्समध्ये ठेवला.

एक पौंड आणि एक मत

पुढचा भाग मला सगळ्यात भारी वाटला. तेरा जणांवर राजद्रोहाचा खटला भरला, शिक्षा फाशीची. पहिला आरोपी होता जॉन जोसेफ, अमेरिकेतून आलेला कृष्णवर्णीय. ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं आणि मेलबर्नच्या लोकांनी त्याला खुर्चीत बसवून मिरवलं. मग एकेक करत सगळेच सुटले.

मार्च १८५५ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला आणि त्या वर्षी अख्खी सिस्टिमच बदलली. लायसन्स रद्द. त्याऐवजी ‘मायनर्स राइट’, वर्षाला एक पौंड. कमाईतला वाटा हवा तर निघालेल्या सोन्यावर घ्या, म्हणून निर्यातीवर औंसाला अडीच शिलिंग कर. सापडलं तर भरा, नाही सापडलं तर नका भरू. कमिशनरच्या जागी वॉर्डन आले आणि खाणींचे स्थानिक नियम करायला खाणकामगारांनीच निवडलेली कोर्टं. ‘मायनर्स राइट’ असलेल्याला मतदानाचा हक्कही मिळाला. वर्ष संपायच्या आत पीटर लॅलॉर कायदेमंडळात बसला होता!

नाव बघा ना. आधी लायसन्स, म्हणजे सरकारने दिलेली परवानगी. नंतर राइट, म्हणजे हक्क. कागद तोच, खिसाही तोच.

परतीच्या गाडीत दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मी इथे नऊ वर्षं टॅक्स भरतोय. मत नाही मला.” पहिली काही वर्षं तो कंपनीच्या व्हिसावर होता. नोकरी गेली तर सामान बांधा, ही धाकधूक. आता पीआर आहे. पण मत फक्त नागरिकाला, आणि नागरिक व्हायचं तर भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो.

“मग घे ना सिटिझनशिप,” मी म्हटलं.

“अगं, फॉर्म भरून ठेवलाय दोन वर्षं. सबमिट होत नाही माझ्याच्याने. आई विचारते, आता तू परदेशी का रे?” मग स्वतःच हसला. “पण मला निदान निवड आहे. त्यांना कुठे होती?”

दहा पौंडांची भिंत

आता या गोष्टीतला कडू घास. ज्या आयोगाने लायसन्स बंद करा म्हटलं, त्याच आयोगाने चिनी लोकांना आवर घाला असंही म्हटलं. १८५५ मध्येच कायदा झाला. व्हिक्टोरियाच्या बंदरात उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसामागे १० पौंड, आणि जहाजाच्या दर दहा टनांमागे एकच चिनी प्रवासी. मग जहाजं शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियात, रोब नावाच्या छोट्या बंदरात थांबायला लागली. तिथून हजारो माणसं खांद्यावर कावड घेऊन शेकडो किलोमीटर चालत खाणींवर आली. अशाच वाटेत १८५७ मध्ये एका तुकडीला अरारॅटला मोठं सोनं सापडलं. त्याच वर्षीपासून चिन्यांकडून तिथे राहण्याचीही वेगळी फी घ्यायला लागले.

म्हणजे प्रयत्न करण्यावरची फी गेली नव्हती. एकाच्या खांद्यावरून काढून दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवली होती. ज्यांनी कालच लायसन्सची होळी केली होती, त्यांतल्या अनेकांना यात काही चूक वाटली नाही. २०१७ मध्ये काही लोक रोबहून मेलबर्नपर्यंत पुन्हा चालत आले, तेव्हा व्हिक्टोरियाचे तेव्हाचे प्रीमियर डॅनियल अँड्र्यूज यांनी या कराबद्दल जाहीर माफी मागितली. १६२ वर्षांनी! सॉव्हरिन हिलमध्ये चिनी तंबूंचा भाग आहे. बहुतेक ग्रुप तिथून सेल्फी काढून पुढे सरकतात. तुम्ही जरा थांबा.

आजही मिळतो हक्क

आणि हो, ‘मायनर्स राइट’ आजही मिळतो! ऑनलाइन, साधारण पंचवीस-तीस डॉलरमध्ये, आणि चालतो दहा वर्षं. सापडलेलं सोनं तुमचं. अटी आहेत, पण वाचून पटतील अशा. हाताची अवजारं आणि मेटल डिटेक्टर चालेल, यंत्रं नाहीत. बहुतेक नॅशनल पार्कमध्ये बंदी. आदिवासी वारशाच्या जागांना हात लावायचा नाही. आणि खणलेला खड्डा बुजवूनच निघायचं.

दादाने त्याच रात्री काढला. मोबाइलवर, जेवता जेवता. पुढच्या शनिवारी गाडी काढून आम्ही तिघं बॅलरॅटजवळच्या क्रेसविकला, स्लेटी क्रीकच्या जंगलात गेलो. निलगिरीच्या झाडांमधून बारीक ओढा, जुन्या खाणींचे खचलेले खड्डे, काठावर दोन-तीन म्हातारे थाळ्या फिरवत बसलेले. वहिनीने थर्मासमधला चहा आणि मेथीचे ठेपले काढले. तीन तासांत मिळालं काय? काळी वाळू आणि कोणाची तरी गंजलेली चमच्याची दांडी. सोनं शून्य. फी मात्र पुढची दहा वर्षं भरायची नाही!

निघताना दादा खड्डा बुजवत होता. वहिनी म्हणाली, “बांगड्यांचं काय झालं?” तो पायाने माती दाबत म्हणाला, “अजून नऊ वर्षं, अकरा महिने, तीन आठवडे आहेत.”

जायचंय? मग हे वाचा

कसं जाल: मेलबर्नच्या सदर्न क्रॉस स्टेशनवरून व्ही-लाइनची गाडी, सुमारे दीड तास. २०२३ पासून भाड्यावर मर्यादा घातल्यामुळे लांबचा प्रवासही शहरातल्या दिवसभराच्या तिकिटाच्या दरात होतो.

काय बघाल: सॉव्हरिन हिलला किमान पाच तास ठेवा. युरेका सेंटरला दोन. लिडियार्ड स्ट्रीटवर पायीच फिरा. तिथलं क्रेग्स रॉयल हॉटेल बाहेरून तरी बघा, १८९५ मध्ये मार्क ट्वेन इथे उतरला होता.

मेलबर्नमध्ये वेळ असेल तर: ओल्ड ट्रेझरी बिल्डिंग. सोनं ठेवायला तळघरात बांधलेल्या तिजोऱ्या बघता येतात. इमारतीचा आराखडा काढायला लागला तेव्हा आर्किटेक्ट जे. जे. क्लार्क फक्त १९ वर्षांचा होता. आपण त्या वयात काय करत होतो ते आठवू नका.

कधी जाल: मार्च-एप्रिल उत्तम. जून ते ऑगस्ट गेलात तर स्वेटरवर जाकीट घाला. दुपारीही पारा दहा अंशांच्या आसपासच असतो.

काय आणाल: रासबेरीच्या गोळ्या. सोन्यापेक्षा त्यांची गॅरंटी जास्त!